यजमान आधी प्रसाद मागतो

पडद्यावर खिडक्या आणि बटणं येण्यापूर्वी प्रोग्रामर मोठ्या रुबाबात राहत असे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तर हा रुबाब जरा जास्तच टिकला, कारण बाकीच्या जगाने टर्बो सी माळ्यावर टाकल्यानंतरही इथल्या जर्नलांत त्याच निळ्या पडद्याचे प्रिंटआउट चिकटवले जात होते. पडदा पुसायचा आणि यादी छापायची. १ - नवीन नोंद, २ - नोंद शोधा, ३ - बाहेर पडा. खाली हुकूम : तुमचा पर्याय टाका. समोरच्याने १, २ किंवा ३ दाबायचं. चौथं काही मनात आलं तर ते घरी जाऊन करायचं. नाव विचारलं की नाव सांगायचं, मग वर्ग, मग हजेरी क्रमांक. नाव चुकलंय हे वर्ग टाकताना लक्षात आलं तर हळहळायचं आणि पुढे चालायचं.

हे सगळं सत्यनारायणाच्या पूजेसारखं होतं. गुरुजी म्हणणार, पळीभर पाणी घ्या, यजमान घेणार. सोडा, सोडणार. अक्षता वाहा, नमस्कार करा, उजव्या हाताला हात लावा. पोथी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ चालली आहे, पुढे काय आहे ते गुरुजींना ठाऊक आहे, आणि सोवळं सावरत बसलेल्या यजमानाला आपण नेमकं कशावर पाणी सोडलं याची कल्पना नाही. प्रोग्रामर तेव्हा गुरुजी होता.

यजमानाकडे एकच हत्यार होतं आणि ते आपल्याकडे आहे हे त्याला माहीत नव्हतं. आकडा मागितलेला असताना त्याने चुकून अक्षर दाबलं, तर सी भाषेतलं स्कॅनएफ ते अक्षर स्वीकारत नसे आणि टाकूनही देत नसे. अक्षर तिथेच उभं. लूप फिरून पुन्हा आकडा मागणार, पुन्हा तेच अक्षर पुढे येणार, आणि मेनू पडद्यावरून धबाधबा वाहत सुटणार. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमकं अक्षरच दाबत.

१९८४च्या जानेवारीत अॅपलचा मॅकिंटॉश आला, १९८५च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचं विंडोज १.० आलं, आणि यजमान पाटावरून उठला. (मूळ खटाटोप त्याआधीचा, पालो आल्टोतल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला. पण प्रयोगशाळेत यजमान फार नसतात, त्यामुळे तिथे कुणाला त्रास झाला नाही.) त्याच्या हाती माऊस आला आणि पडद्यावरची प्रत्येक वस्तू एकाच वेळी त्याच्यासमोर मांडली गेली. आता तो आधी प्रसाद मागतो. मग आरती म्हणू लागतो. अर्ध्या आरतीत त्याला संकल्पाची आठवण होते. तेवढ्यात खिडकीचा कोपरा धरून ती लहान-मोठी करून बघतो, त्याला काही कारण नसतं. शेवटी वरच्या फुलीवर बोट जातं आणि देवासकट सगळं बंद.

गुरुजींनी यावर काय करावं? पोथीची शिवण उसवली आणि पानं सुटी केली. एका पानावर लिहिलं, ‘आरती मागितल्यास हे वाचावे.’ दुसऱ्यावर, ‘प्रसाद मागितल्यास हे वाचावे.’ तिसऱ्यावर, ‘यजमान मध्येच उठून गेल्यास हे वाचावे.’ आणि मग गप्प बसले. या सुट्या पानांना कुणी इव्हेंट हँडलर म्हणतं, कुणी कॉलबॅक म्हणतं, जावावाले लिसनर म्हणतात, क्यूटीवाले स्लॉट म्हणतात. गप्प बसण्याला इव्हेंट लूप म्हणतात.

विंडोजचा कुठलाही जुना प्रोग्राम सोलत सोलत आत गेलं की अखेर तीन फंक्शनांचा एक लूप हाती लागतो : गेटमेसेज, ट्रान्सलेटमेसेज, डिस्पॅचमेसेज. निरोप आला का? आला. कुठल्या खिडकीचा? तिला देऊन टाक. निरोप आला का? मॅकवर हेच काम गेटनेक्स्टइव्हेंट करत असे, पायथनच्या टीकेइंटरमध्ये मेनलूप करतं. निरोप नसेल तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला सरळ झोपवून ठेवते. तुमच्यासमोर आत्ता आठ खिडक्या उघड्या असतील तर त्यांतल्या बऱ्याचशा गाढ झोपेत आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत त्यांना ‘अतिशय वेगवान’ म्हटलेलं आहे.

साध्या सीमध्ये पडद्यावर ‘हॅलो’ म्हणायला चार-पाच ओळी पुरत. विंडोजची एक पिढी चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या ‘प्रोग्रामिंग विंडोज’ या १९८८ साली निघालेल्या पुस्तकावर पोसली. त्यात तोच हॅलो खिडकीत म्हणायला पानभराहून जास्त मजकूर लागतो. हॅलो तेवढाच, पण खिडकी हलवली तर काय, झाकून पुन्हा उघडली तर काय, मिटली तर काय, याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. त्यात विंडोज शेकडो प्रकारचे निरोप पाठवतं. माऊस सरकला, शिफ्ट दाबली, शिफ्ट सोडली, घड्याळ वाजलं, शेजारची खिडकी पुढे आली. यांतल्या ज्या निरोपांशी आपल्याला कर्तव्य नाही ते डेफविंडोप्रॉक नावाच्या फंक्शनकडे सरकवायचे, ते परस्पर बघतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत मनःशांती लाभलेला एवढा एकच घटक आहे.

ऐंशीच्या दशकात अमेरिकन प्रोग्रामरांनी या उलट्या कारभाराला हॉलिवुड तत्त्व असं नाव दिलं : तुम्ही आम्हाला फोन करू नका, आम्हीच तुम्हाला करू. ऑडिशन देऊन आलेल्या नटाला स्टुडिओवाले जे सांगतात ते. म्हणजे आपण जिवापाड मेहनतीने लिहिलेलं फंक्शन आपणच बोलवायचं नाही. त्याचा पत्ता तेवढा देऊन ठेवायचा. बोलावणं येईल, न येईल, एकदा येईल, एका सेकंदात चाळीसदा येईल. ‘खिडकीचा आकार बदलला’ या इव्हेंटवर ज्याने कधी काही लिहिलंय त्याला चाळीसदा म्हणजे काय ते माहीत आहे.

नवशिक्याला हे पहिल्यांदा कळतं ते कंसामुळे. पायथनचा वर्ग कुठल्याही गावातला घ्या, दुसऱ्या आठवड्यात हा संवाद होतोच :

“सर, माझं बटण दाबायच्या आधीच सेव्ह होतंय.”

“आणि दाबल्यावर?”

“दाबल्यावर काहीच होत नाही.”

“बघू. कमांड बरोबर सेव्ह, पुढे कंस. अरे, कंस टाकलास म्हणजे तू तिथेच सेव्ह करून मोकळा झालास. बटणाच्या हातात मग काय दिलंस?”

“काय दिलं सर?”

“सेव्हने जे परत केलं ते. म्हणजे काही नाही. कंस काढ.”

“पण सर, कंस काढल्यावर ते चालणार कसं?”

“तू चालवायचंच नाहीये.”

पोरगा गप्प होतो. आजवर त्याला शिकवलेलं असतं की प्रोग्रामर सांगतो आणि मशीन ऐकतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की चांगलं लिहून झाल्यावर हात काढून घ्यायचा असतो.

पुढच्या आठवड्यात तोच पोरगा कॅल्क्युलेटर करायला घेतो. ० ते ९ अशी दहा बटणं हाताने कोण लिहिणार, म्हणून लूप लावतो, आणि प्रत्येक बटणाला सांगतो की तुला दाबलं की आय, म्हणजे लूपचा चालू आकडा, छाप. बटणं सुरेख दिसतात. कुठलंही दाबा, ९ उमटतो. पानावर तिथी लिहिण्याऐवजी ‘आजची तिथी’ असं लिहिलं की वाचणारा वाचायच्या दिवसाचीच तिथी म्हणणार. तसं ते फंक्शन दाबल्यानंतर आय शोधायला निघतं, आणि तोवर लूप संपून आय नऊवर जाऊन बसलेला असतो. इलाज सोपा आहे, एका छोट्या युक्तीने आकडा जागच्या जागी बांधून घालता येतो. पण दहाही बटणांनी एकमताने ९ म्हटल्याचा धक्का बराच काळ टिकतो.

आपल्याकडे ही सुट्या पानांची पद्धत गल्लोगल्ली नेली ती १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकने. फॉर्मवर बटण ठेवायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची, की कमांड१_क्लिक नावाचं रिकामं पान आपोआप उघडून समोर. बटणाला नीट नाव द्यावं असं पुस्तकात लिहिलेलं असे. ज्यांनी कुणाच्या हिशेबाचं जुनं पॅकेज दुरुस्त करायला घेतलंय त्यांना विचारा. त्यात कमांड१७_क्लिक असतं, कमांड१८_क्लिक नसतं, आणि कमांड१९_क्लिकमध्ये एक शेरा असतो : ‘हे काढू नये.’

आता यजमानाचं बोट. आपण म्हणतो ‘क्लिक केलं’, पण मशीनच्या लेखी क्लिक ही घटनांची मालिका आहे. बटण खाली गेलं, बटण वर आलं, म्हणून क्लिक. ब्राउझरमध्ये एक डबलक्लिक म्हणजे खाली, वर, क्लिक, खाली, वर, क्लिक, आणि मग डबलक्लिक, अशा माऊसच्या सात घटना. जावाच्या माऊसलिसनरला पाच गोष्टी कळवून घ्याव्या लागतात : दाबलं, सोडलं, क्लिक झालं, आत आला, बाहेर गेला. तुम्हाला एकीतच रस असला तरी बाकीच्या चार रिकाम्या लिहा. कंटाळणाऱ्या लोकांसाठी सोबतच माऊसअडॅप्टर नावाचा क्लास दिला. चार रिकामी फंक्शनं स्वतः न लिहिता आयती मिळावीत एवढाच त्याचा उपयोग.

यात एक गोष्ट मात्र कुणीतरी फार समजुतीने ठरवली आहे. पडद्यावरचं बटण सहसा दाबल्यावर कामाला लागत नाही, सोडल्यावर लागतं. ‘सर्व नोंदी पुसा’वर बोट गेलं, दाबलंही, आणि त्याच क्षणी घाम फुटला, तर बोट न उचलता बाण बाजूला सरकवावा आणि मग सोडावं. काही होत नाही. मला हे पडद्यावरचं सगळ्यात माणुसकीचं वर्तन वाटतं, आणि ते कुठल्याही मदतपुस्तिकेत सापडत नाही.

ज्यांनी विंडोज ९५वर संगणक शिकला ते काका लोक मात्र दोनदाच टिचकी मारतात. आयकॉनवर दोनदा, लिंकवर दोनदा, ‘पैसे भरा’वर दोनदा. विंडोजच्या मूळ मांडणीत दोन टिचक्यांमध्ये अर्ध्या सेकंदापर्यंतचं अंतर चालतं. त्यापेक्षा उशीर झाला तर त्या दोन सुट्या टिचक्या. हे काका अर्ध्या सेकंदाच्या जरा पुढेच असतात. म्हणजे त्यांचं डबलक्लिक डबलक्लिकही होत नाही, दोन वेगवेगळ्या वेळा पैसे भरणं होतं. म्हणून जाणता प्रोग्रामर पहिल्या टिचकीनंतर बटण राखाडी करतो आणि सर्व्हरलाही सांगून ठेवतो की तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर ऐकू आलं नाही असं दाखव. सततच्या कटकटीवर आणखी एक उपाय आहे, डिबाउन्स : शेवटच्या टिचकीनंतर जरा वेळ शांतता गेली तरच काम सुरू. हा शब्द विजेच्या स्विचांकडून आला. धातूचे संपर्क एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थडथडतात आणि एक दाबलं की पाच दाबल्यासारखं वाटतं. धातूची थडथड मिलिसेकंदांत थांबते. काकांची पैसे भरल्याची पावती छापून हातात येईपर्यंत थांबत नाही.

गप्प बसायची अट यजमानाला नाही, गुरुजींना आहे, आणि तिचा दुसरा भाग पहिल्याहून कडक आहे : बोलावणं आलं की पान झटपट वाचून परत यायचं. कारण निरोप घेणारा माणूस एकच, त्याला मेन थ्रेड म्हणतात. त्याने ‘अहवाल तयार करा’चं पान हाती घेतलं आणि त्यात वीस हजार नोंदी मोजायला बसला, तर तेवढा वेळ दारात कुणी नाही. माऊसचे निरोप रांगेत. कळफलकाचे रांगेत. खिडकी पुन्हा रंगवायचा निरोप तर विंडोजमध्ये जवळजवळ शेवटी, रांग रिकामी झाली तर. एक्सपीच्या काळातलं दृश्य आठवतं का? अडकलेल्या खिडकीवरून दुसरी खिडकी ओढत नेली की तिच्या शंभर कडा मागे उमटत जायच्या, पडदाभर. लोक त्याला व्हायरस समजत. तो नुसता वाचला न गेलेला रंगकामाचा निरोप असे.

विंडोज पाच सेकंद वाट बघतं. तेवढ्यात प्रोग्रामने रांगेकडे ढुंकून पाहिलं नाही तर मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लावतं आणि एक चमत्कारिक गोष्ट करतं. खरी खिडकी लपवून तिच्या जागी, त्याच मापाची, त्याच मथळ्याची, तिच्याच शेवटच्या रूपातली एक तोतया खिडकी उभी करतं. अधिकृत भाषेत हिला घोस्ट विंडो, म्हणजे भुताची खिडकी म्हणतात. ही खिडकी हलते, लहान-मोठी होते, बंदही होऊ शकते. म्हणजे समोरच्याला निदान काहीतरी करता येतं. तुम्ही ज्या खिडकीवर वैतागून टिचक्या मारत असता ती बहुधा ही भुताची असते. अँड्रॉइडवरही हद्द पाचच सेकंदांची. बोटाच्या स्पर्शाला तेवढ्यात दाद मिळाली नाही की ‘वाट बघायची की बंद करायचं’ असा प्रश्न येतो. माणसाचा धीर खरं तर त्याआधीच सुटतो. जेकब नील्सन यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात मर्यादा मांडल्या आहेत : सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या उद्योगाला लागतो. आपल्याकडे दुसरा उद्योग म्हणजे शेजारच्या टेबलाला ‘तुमचंही हँग झालंय का’ म्हणून विचारणं.

लांबलचक काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवावं आणि झालं की निरोप दे म्हणावं, हा योग्य मार्ग. व्हिज्युअल बेसिकवाल्यांना तो लांबचा वाटे. त्यांनी जवळचा शोधला होता : वीस हजारांचा लूप चालू ठेवायचा आणि मधूनमधून डूइव्हेंट्स म्हणायचं, म्हणजे रांगेतले निरोप तेवढ्यात उरकले जातात. खिडकी हलते, रंग टिकतो, सगळे खूश. फक्त त्या उरकलेल्या निरोपांत ‘अहवाल तयार करा’ची दुसरी टिचकीही असते. मग पहिला अहवाल थांबतो, त्याच्या पोटात दुसरा सुरू होतो, दुसऱ्याच्या पोटात काकांच्या कृपेने तिसरा. शेवटी आतून बाहेर येत तिन्ही पुरे होतात आणि बेरीज तिप्पट येते. असे तिप्पट आकडे अनेक कचेऱ्यांत वरच्या साहेबांनी प्रगती म्हणून वाचलेले आहेत.

गेलेली सत्ता परत मिळवायचा एक मार्ग प्रोग्रामरांना कायम उघडा होता, आणि त्यांनी तो मनसोक्त वापरला. मोडल डायलॉग. मध्येच एक चौकट उगवते आणि ती मिटेपर्यंत त्या प्रोग्रामात बाकी कशालाही हात लावता येत नाही. ‘नोंद जतन झाली. ओके.’ दुसरं बटण नाही. मतभेदाला जागा नाही. इथे प्रोग्रामर पुन्हा पाच सेकंदांपुरता गुरुजी होतो. यजमानाने त्यावर शोधलेला उतारा म्हणजे न वाचता ओके. आता चौकटीत ‘तुमची सर्व माहिती नष्ट होईल’ असं लिहिलं तरी हात तितक्याच सहजतेने ओकेवर जातो, आणि याला जबाबदार कोण ते त्या आधीच्या दोनशे चौकटी लिहिणाऱ्यांनी ठरवावं.

वेबच्या पानांवर आणखी एक वाद झाला. बटण चौकटीत, चौकट फॉर्मात, फॉर्म पानात. मग टिचकीचा मान आधी कुणाचा? नेटस्केप ४ म्हणे पानाचा, टिचकी बाहेरून आत उतरेल. इंटरनेट एक्स्प्लोरर ४ म्हणे बटणाचा, टिचकी आतून बाहेर चढेल. २०००च्या नोव्हेंबरात डब्ल्यूथ्रीसीने मानक काढलं आणि निवाडा दिला : आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. दोघांचंही ऐकलं. त्यामुळे आजही एका टिचकीला पानाच्या टोकापासून बटणापर्यंत आणि परत अशी पायपीट असते, आणि वाटेत कुणीही तिला अडवू शकतं. ‘माझ्या बटणाला टिचकीच पोचत नाही’ असं म्हणणाऱ्याने वरच्या सगळ्या चौकटींची झडती घ्यावी.

या सगळ्यात मराठी लिहिणाऱ्याचं काय? कळफलकाच्या घटना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक कळ आणि एक अक्षर होतं. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ७ दाबला की क्ष येतो : कळ एक, पण संगणकाच्या हिशेबी अक्षरं तीन, क, हलन्त आणि ष. उच्चारानुसारी टंकलेखनात उलट. ‘नमस्कार’साठी रोमन आठ कळा दाबायच्या, संगणकाच्या हिशेबी अक्षरं होतात सात, आणि शाळेत आपण मोजतो ती चार. ‘नाव दहा अक्षरांच्या आत लिहा’ असं फॉर्म सांगतो तेव्हा ती यांतली कुठली दहा, हे फॉर्मलाही ठाऊक नसतं. फोनवर तर आणखी गंमत. अर्धवट रचलेल्या शब्दाच्या काळात क्रोम प्रत्येक कळेसाठी बहुधा २२९ हा एकच आकडा कळवतो. अर्थ एवढाच की कळफलक काहीतरी रचतोय, आत्ता विचारू नका. रचना सुरू झाली, बदलली, पुरी झाली, अशा तीन वेगळ्या घटना त्यासाठी आहेत. जपानी आणि चिनी बाजारासाठी लिहिणारे त्या ऐकतात. आपल्याकडचा फॉर्म कळ दाबल्याबरोबर तपासतो, २२९ हे काही ए ते झेडमध्ये बसत नाही असं त्याला आढळतं, आणि तो लाल अक्षरांत सांगतो : ‘कृपया योग्य नाव लिहा.’ ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला हे सांगताना त्याला काही वाटत नाही.

राहता राहिला निरोपाचा प्रसंग. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारली म्हणून ती लगेच मिटत नाही. विंडोज आधी प्रोग्रामला विचारतं, बंद करू का? तिथे ‘बदल जतन करायचे का?’ असं विचारायची मुभा असते, आणि ती रास्त आहे. वेबवर हीच मुभा बिफोरअनलोड या घटनेने दिली : पान सोडून जाणाऱ्याला थांबवून तुमच्या शब्दांत दोन वाक्यं सांगा. लोकांनी काय सांगावं? ‘थांबा, तुम्हाला बक्षीस लागलंय.’ ‘खरंच जाताय? फक्त आजच निम्म्या किमतीत.’ अखेर २०११ साली फायरफॉक्सने आणि २०१६ साली क्रोमने तो मजकूर दाखवणंच बंद केलं. आता तुम्ही हँडलरमध्ये काहीही लिहा, यजमानाला ब्राउझरचं स्वतःचं एक कोरडं वाक्य दिसतं. आणि त्याने तोवर पानावर कुठेच टिचकी मारलेली नसेल, काही लिहिलेलं नसेल, तर तेही दिसत नाही.